कापणीयंत्राची सुरी

फाल्गुन-चैत्राच्या सुमारास नाशिककडे किंवा विदर्भाकडे जाणाऱ्या हमरस्त्यानें ज्यांनीं रात्रीचा प्रवास केला असेल, त्यांना एक दृश्य ओळखीचें वाटेल. पंजाबचा क्रमांक मिरविणारें एक अगडबंब यंत्र रस्त्याच्या कडेनें धिमेपणानें चाललेलें असतें, आणि त्याच्या मागें, निराळ्या गाड्यावर बांधलेला, माणसाच्या दुप्पट लांबीचा एक दांतेरी पट्टा येत असतो. हें गहूं कापणारें हार्वेस्टर. आपली नजर साहजिकच त्या धुडाकडे जाते. मागच्या दांतेरी पट्ट्याकडे कोणी पाहत नाहीं. वास्तविक शेतांत पिकाशीं प्रथम गांठ पडते ती त्या पट्ट्याची. बाकीचें सारें यंत्र म्हणजे त्यानें कापलेलें पीक आंत ओढून घेण्याची व आवरण्याची व्यवस्था होय. आज मला आपल्याशीं बोलावयाचें आहे तें या पट्ट्याविषयीं. आणि तेंहि तो नवा असतांना नव्हे, तर जुना होऊन कापण्याऐवजीं चावूं लागतो तेव्हां काय करावें याविषयीं.

विषय शेताचा आहे आणि श्रोते बहुतेक शहरांतले आहेत हें मी जाणून आहें. परंतु ज्या घरांत कात्री आहे त्या घराला हा विषय परका नाहीं. आपण शिवणाच्या डब्यांतली कात्री काढून जवळ घेऊन बसावें, एवढीच माझी विनंति आहे. रेडिओवरून मला चित्र दाखवितां येत नाहीं. तें काम ती कात्री करील.

विळ्यानें कापणी होते तेव्हां एका हाताचें काम आपल्या डोळ्यांत भरतें आणि दुसऱ्याचें भरत नाहीं. उजवा हात विळा ओढतो हें सर्वांना दिसतें. पण डाव्या हाताची मूठ ताटें धरून ठेवते म्हणून विळा कापतो. ती मूठ सोडा, म्हणजे तोच विळा ताटांना नुसता ढकलून पुढें जातो. यंत्रानें कापणी करूं पाहणाऱ्यांपुढें खरी अडचण होती ती या डाव्या हाताची. स्कॉटलंडांतल्या पॅट्रिक बेल या तरुणानें, जो पुढें धर्मोपदेशक झाला, १८२८ सालीं केलेल्या यंत्रांत बागेंतल्या कात्रीवरून सुचलेली कात्र्यांची एक ओळच बसविली होती. अमेरिकेंत सायरस मॅकॉर्मिक यानें १८३१ सालीं व्हर्जिनियांत आपलें यंत्र चालवून दाखविलें व १८३४ सालीं त्याचें पेटंट घेतलें. त्याच्या आधीं, १८३३ च्या अखेरीस, ओबेद हसी यानें आपल्या यंत्राचें पेटंट मिळविलें होतें. या दोघांत पहिला कोण, हा वाद त्या दोघांनीं आयुष्यभर घातला. आपण त्यांत पडूं नये. मात्र एका पट्टीवर बसविलेलीं त्रिकोणी पातीं आणि त्यांना आंतून जाऊं देणारीं खाच पाडलेलीं बोटें, ही जी हसीची रचना, तिचेंच कूळ आज पंजाबांतून आपल्याकडे येणाऱ्या हार्वेस्टरपर्यंत पोंचलें आहे. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनांत मॅकॉर्मिकचें यंत्र मांडलें गेलें तेव्हां तेथल्या ‘टाइम्स’नें त्याची यथेच्छ टवाळी केली होती. पुढें टिपट्री येथील शेतांत, ओल्या व अजून हिरव्या असलेल्या गव्हांत तें चाललें, तेव्हां थट्टेचा सूर बदलला आणि प्रदर्शनाचें मोठें पदकहि त्याला मिळालें.

आतां त्या पट्ट्याची रचना पाहूं. पट्ट्याच्या पुढच्या कांठाला तीन तीन इंचांच्या अंतरानें लोखंडाचीं टोकदार बोटें पुढें आलेलीं असतात. प्रत्येक बोटाच्या पोटांत आडवी खाच असते व त्या खाचेच्या तळाशीं एक लहानशी पोलादी पट्टी ठोकून बसविलेली असते. इंग्रज कारागीर तिला ‘लेजर प्लेट’ म्हणतात. आपण तिला तळपट्टी म्हणूं. या सर्व खाचांतून एक लांब सुरी इकडून तिकडे सरकते. ही सुरी म्हणजे एक सपाट सळई आणि तिच्यावर रिव्हेटांनीं जडविलेलीं त्रिकोणी पातीं. पातें तीन इंच रुंद. म्हणून पांच फुटी पट्ट्याच्या सुरीला वीस पातीं लागतात. सुरीच्या एका टोकाला एक दांडा जोडलेला असतो व तो फिरत्या चाकावरील खुंटीला अडकविलेला असतो. चाक फिरलें कीं सुरी तीन इंच जाते, तीन इंच परत येते. ताटें बोटांच्या मधल्या फटींत शिरतात, पातें त्यांना बाजूच्या तळपट्टीवर नेऊन दाबतें, आणि तीं कापलीं जातात. बोट व तळपट्टी हीच यंत्राची डावी मूठ.

येथें ती कात्री हातांत घ्या. तिचा मधला स्क्रू थोडा सैल करा आणि मलमलीचा एखादा तुकडा कापून पाहा. कात्रीची धार होती तशीच आहे, तरीहि कापड कापलें न जातां दोन पात्यांमध्यें दुमडून अडकतें. धार असूनहि कात्री कापीत नाहीं, याचें कारण दोन्ही पातीं एकमेकांना घासून जात नाहींत. जुन्या कापणीयंत्राचे दहांतले आठ आजार हे या सैल स्क्रूचेच आजार असतात. आणि दहांतले आठ लोक त्यावर धार लावण्याचा उपाय करतात.

हें मी पुस्तकावरून सांगत नाहीं. निफाड तालुक्यांत माझ्या मामांची शेती आहे. त्यांच्याकडे ट्रॅक्टरच्या बाजूला बसणारा एक पांच फुटी कापणीपट्टा होता. मूळचा गवतासाठीं घेतलेला, कोणाकडून तरी जुना विकत आलेला. कांहीं वर्षांपूर्वीं मार्चांत चार एकर गहूं उभा होता, हार्वेस्टरवाल्यानें आठ दिवसांनंतरची तारीख दिली होती, आणि मजूर द्राक्षांच्या कामाला गेले होते. आभाळ भरून येऊं लागलें. गारपिटीच्या नुसत्या बातमीनें त्या भागांतल्या घरांत जेवण गोड लागत नाहीं, हें मीं त्या दिवशीं पाहिलें. मामांनीं जुना पट्टा बाहेर काढला. पहिल्याच फेरींत सुरी बांधाजवळच्या दगडावर गेली. दोन पातीं मोडलीं व एक बोट वांकलें. सुरी तालुक्याच्या गांवीं एका दुकानांत पाठविली. त्या दुकानदारानें मोडकीं पातीं बदललीं आणि बाकीच्या सगळ्यांना एमरीच्या चाकावर झटपट धार लावून, दाम चोख घेऊन, सुरी परत केली. धार तर अशी, कीं हात लावण्याची भीति वाटावी. दुसऱ्या सकाळीं यंत्र चालूं केलें. कांहीं ताटें कापलीं जात, कांहीं मुळासकट उपटून येत, आणि कांहीं बोटांत अडकून त्यांची पेंढी होई. त्या ओढाताणींत पिकल्या गव्हाचे दाणे जमिनीवर गळत होते.

गांवांत एक निवृत्त फिटर होते. त्यांना लहानथोर सारे आबा म्हणत. ते आले, त्यांनीं प्रथम ट्रॅक्टर बंद करवून किल्ली स्वतःच्या खिशांत टाकली, आणि मग वाकून पट्ट्याच्या टोकाला डोळा लावला. मामा म्हणाले, “आबा, धार कालच लावून आणली आहे.” आबा वर न पाहतांच म्हणाले, “एका जबड्याला लावलीत, मालक. दुसऱ्या जबड्याचं काय?”

दुसरा जबडा म्हणजे तळपट्ट्या. त्यांच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या. नखानें चाचपून पाहिलें तरी कळत होतें. चांगल्या तळपट्टीची कड कोनेदार असते व तिला बारीक दांते असतात, म्हणजे ताट तिच्यावरून घसरत नाहीं. गोल झालेल्या कडेवर पातें कितीहि धारदार आलें तरी ताट त्या गोलाईंतून खालीं दुमडतें. आबांनीं अशा सात पट्ट्या काढावयास लावल्या. पट्टीची रिव्हेट सुंब्यानें खालून ठोकून काढावयाची, खाचेंतली घाण व गंज खरवडावयाचा, आणि नवी पट्टी पक्की बसवावयाची. त्यांत विद्या फारशी नाहीं, चिकाटी आहे. नवी पट्टी बसल्यावर रिव्हेटचें डोकें तिच्या पृष्ठभागावर किंचितहि वर राहतां कामा नये, नाहींतर सुरी त्यावर आपटते.

पात्यांचें काम त्याहून नाजूक. कडेचा एक अरुंद पट्टाच कडक केलेला असतो, मधला भाग मुद्दाम मऊ ठेवतात, कारण सगळेंच पातें कडक असतें तर तें पहिल्याच खड्यावर कांचेसारखें फुटलें असतें. धार लावतांना त्या कडक पट्ट्याचें पाणी उतरूं देऊं नये. पाणी उतरलें कीं नाहीं हें ओळखण्यास उपकरण लागत नाहीं; पोलाद स्वतःच रंग दाखवितें. तापतांना तें सुमारे २२०–२३० अंश सेंटिग्रेडला गवती पिवळें होतें आणि ३०० च्या सुमारास निळें. त्या दुकानदारानें परत केलेल्या पात्यांपैकीं पांच-सहा पात्यांच्या टोकांशीं सुंदर निळी झांक होती. मला ती शोभेची वाटली होती. आबांनीं तीं पातीं कानशीनें घासून दाखविलीं. निरोगी पात्यावरून कानस निसटते, या निळ्या टोकांत ती लांकडांत रुतावी तशी रुतली. अशी धार दुपारपर्यंतहि टिकत नाहीं. म्हणून धार पाण्याच्या दगडावर लावावी. एमरीचें चाकच असेल तर क्षणभर टेकवून उचलावें, पुनःपुनः पाण्यांत बुडवावें, आणि बोटाला चटका बसण्यापूर्वीं थांबावें. मूळचा उतार जितका रुंद होता तितकाच ठेवावा. लवकर काम आटोपावें म्हणून उतार उभा केला, तर धार येते पण ती जाड असते. आणि फार निजविला तर ती कागदासारखी पातळ होऊन दुमडते. घासून घासून पातें अरुंद झालें, त्याचा त्रिकोण सुळक्यासारखा दिसूं लागला, कीं तें बदलावें. तोंपर्यंत कडक पट्टा संपलेला असतो.

हें सर्व गुळगुळीत पात्यांविषयीं झालें. दुसरी जात दांतेरी पात्यांची. हिरवें, रसाळ गवत कापण्यास गुळगुळीत पातें उत्तम. दांत्यांत तर रस व चोथा भरतो. उलट पिकल्या गव्हाचें काड कोरडें, कठीण व गुळगुळीत असतें. तें साध्या धारेवरून पुढें घसरतें, दांते मात्र त्याला जागच्या जागीं धरतात. दांतेरी पात्याला वरचेवर धार लावावी लागत नाहीं. तें झिजलें कीं बदलतात. कोंकणांत भातकापणीसाठीं दापोलीच्या कृषि विद्यापीठानें पुरस्कारलेला दांतेरी ‘वैभव’ विळा ज्यांनीं वापरला आहे, त्यांना हा भेद हातानेंच ठाऊक असेल. मामांच्या सुरीला पातीं होतीं गवताचीं आणि पीक होतें गव्हाचें. ही चूक कोणा दुकानदाराची नव्हे, आमचीच होती. सुदैवानें तालुक्याला दांतेरी पातीं मिळालीं. यंत्र कितीहि जुनें असो, हीं पातीं बहुधा मिळतात, कारण आजच्या हार्वेस्टरलाहि तींच, तीन इंचांचीं, लागतात.

जुनें पातें काढण्याची एक युक्ति सांगतों, कारण तिच्यांत बुद्धि आहे. नवशिका मनुष्य सुरी ऐरणीवर आडवी ठेवतो आणि सुंब्यानें रिव्हेट ठोकून बाहेर काढूं पाहतो. रिव्हेट निघत नाहीं, सळई मात्र वांकते, आणि वांकडी सळई बोटांच्या खाचांत अडते. आबांनीं सुरी उभी धरली. पात्याचें टोंक व्हाइसच्या दोन जबड्यांच्या फटींत खालीं सोडलें, जबडे आवळले नाहींत; सळई तेवढी जबड्यावर टेकली. मग वर आलेल्या पात्याच्या पाठीवर हातोड्याचा एक नेमका घाव घातला. सळईला खालून आधार, पातें मात्र खालीं सरकण्यास मोकळें. त्यामुळें मधल्या दोन्ही रिव्हेट कात्रीनें कापाव्यात तशा कापल्या गेल्या. उरलेले तुकडे मग सुंब्याच्या एका टिचकीनें पडतात. म्हणजे जें तत्त्व गहूं कापतें तेंच येथें रिव्हेट कापतें. हें करतांना डोळ्यांवर चष्मा असावा, व घाव पात्याच्या पाठीवरच पडावा. कडक धारेवर हातोडा पडला तर तिचा कपचा उडतो, आणि तो कोठें जाईल याचा नेम नसतो.

नवें पातें बसवितांना सळईवरचा गंज व मळ आधीं साफ करावा, नाहींतर पातें पुरतें टेकत नाहीं. मऊ लोखंडाची नवी रिव्हेट घालावी, तिचें डोकें ऐरणीवर टेकवावें आणि दुसरें टोंक एका दणक्यानें नव्हे, तर पुष्कळशा हलक्या घावांनीं पसरवावें. पातें हातानें हलविलें असतां रेसभरहि हलतां कामा नये. सैल पातें मिनिटांत शेंकडों वेळां हिसका खातें; तें स्वतः मोडतें आणि शेजारच्या तळपट्टीलाहि घेऊन जातें.

एवढें झाल्यावर आबांनीं कात्रीचा स्क्रू आवळला. कापणीपट्ट्यावर हा स्क्रू म्हणजे सुरीला वरून दाबून धरणाऱ्या क्लिपा. त्या खालीं हातोड्यानें हलकें ठोकून अशा बसवितात, कीं पात्याचें टोंक तळपट्टीला टेकावें आणि क्लिप व पातें यांत कागद सरकण्याएवढीच जागा राहावी. फार आवळलें तर सुरी तापते व यंत्र जड चालतें. वांकलेलें बोट सरळ करण्यासाठीं सुरी आंत ठेवून पट्ट्याच्या टोकाकडून सर्व तळपट्ट्या एका ओळींत पाहाव्या लागतात. जें बोट खालीं वा वर दिसेल त्याला घाव घालून ओळींत आणतात. हीं बोटें लवचीक ओतीव लोखंडाचीं असलीं तर तो घाव सोसतात.

आणखी एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाहीं, ती विचारानें पाहावी लागते. सुरी एका टोकाला जाऊन परत फिरते तेव्हां क्षणभर थांबते, आणि मध्यावर तिचा वेग सर्वांत अधिक असतो. प्रत्येक पातें थांबतांना बरोबर बोटाच्या मध्याखालीं लपलेलें असलें पाहिजे, म्हणजे तळपट्टीची कड ओलांडतांना तें वेगांत असतें. दांडा झिजल्यामुळें किंवा पट्टा सरकल्यामुळें हें ठिकाण अर्धा इंच जरी चुकलें, तरी पातें एका बाजूला कड गांठण्याआधींच मंदावतें. तेथें ताटें अर्धवट कापलीं जातात, आणि शेतांत एक आड एक उंच-ठेंगणी ओळ दिसते. चाक हातानें सावकाश फिरवून दोन्ही टोकांना पातें कोठें थांबतें हें पाहावें, व दांड्याची लांबी किंवा पट्ट्याची जागा थोडी बदलून तें नीट करावें. पट्ट्याचें बाहेरचें टोंक आंतल्यापेक्षां दर फुटामागें सुमारें पाव इंच पुढें ठेवतात, तें कां, असें मीं विचारलें. चालतांना पीक तें टोंक मागें रेटतें, व काम करतांना पट्टा सरळ रेषेंत यावा म्हणून ही आगाऊ सोय.

चाक हातानें फिरविण्याचें नांव निघालें तेव्हां आबांनीं मला दूर उभें केलें. त्यांच्या डाव्या हाताच्या तर्जनीला वरचें पेर नव्हतें. तरुणपणीं ते असाच एक पट्टा साफ करीत होते, आणि मदतीला आलेल्या मुलानें, उपयोग व्हावा या सद्हेतूनें, पलीकडून चाक फिरविलें. इंजिन बंद होतें. म्हणून त्यांचा दंडक असा, कीं ज्याचा हात पट्ट्यावर, त्यानेंच चाक फिरवावें, दुसऱ्या कोणीं त्या बाजूला उभेंहि राहूं नये. सुरी काढतां-घालतांना तिच्यावर खाचेचें लांकूड बसवावें, आणि अडकलेलें गवत बोटांनीं नव्हे, काठीनें काढावें. आपल्याकडे घरोघर दिसणारें कडबा कापण्याचें यंत्र याच जातीचें आहे. बेळगांवांत लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं आपल्या उद्योगाच्या प्रारंभीं जीं यंत्रें केलीं त्यांत तें होतें. त्यांतहि चाकावरचें पातें व तोंडाशीं असलेली स्थिर पट्टी यांत कागदाएवढें अंतर राखावें लागतें, आणि त्यानेंहि खेड्यांत पुष्कळ बोटें खाल्लीं आहेत.

दिवेलागणीला काम संपलें. आबांनीं वर्तमानपत्राचा एक कागद प्रत्येक बोटांत क्रमानें धरला व चाक स्वतः फिरविलें. वीसपैकीं एकोणीस ठिकाणीं कागद सुबक कापला गेला, एका ठिकाणीं दुमडला, तेथली क्लिप पुनः ठोकली. दुसऱ्या दिवशीं अडीच एकर गहूं निघाला. तिसऱ्या दिवशीं पाऊस आला. उरलेला दीड एकर भिजला, दाण्याची चकाकी गेली, आणि बाजारांत त्या पोत्यांना निराळा, कमी भाव मिळाला. दुकानदाराकडे गेलेला तो एक दिवस हाताशीं असता तर, असें मामी अजून म्हणतात.

हंगाम संपल्यावर सुरी पट्ट्यांतून काढून, पुसून, तेलाचा हात देऊन, सपाट फळीवर किंवा भिंतीला लांबीनें टेकून ठेवावी. एका खिळ्यावर मध्यें अडकवून ठेवली तर ती आपल्याच वजनानें वांकते. काढलेलीं जुनीं पातीं मामांनीं भंगारांत टाकावयास ठेवलीं होतीं. त्यांतलीं निळीं टोकें नसलेलीं निवडून आबांनीं रुमालांत बांधलीं. त्यांचीं पुढें लोहाराकडून खुरपीं झालीं. त्यांतलें एक माझ्याकडे आहे, आणि गच्चीवरच्या कुंड्यांत तें अजून चालतें.